झाडाविना झाडाचे औषध

प्रयोगशाळेतील टाक्यांमध्ये वाढणाऱ्या वनस्पतिपेशी, त्यांनी वाचवलेली जंगले आणि कर्करोगाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या घराने जाणून घ्यावे असे काही

कर्करोगाच्या उपचारांना सामोऱ्या जाणाऱ्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. सलाइनमधून दिले जाणारे हे औषध नैसर्गिक की रासायनिक? प्रश्नामागची काळजी समजण्यासारखी आहे. आयुष्यभर काढे, चूर्णे आणि आजीबाईच्या बटव्यावर विश्वास ठेवलेल्या ज्येष्ठांना काचेच्या कुपीतील पारदर्शक द्रव परका वाटतो. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. कोणी म्हणते, हे औषध मुळात झाडाच्या सालीचे, मग त्या सालीचाच काढा का देऊ नये? दुसऱ्याच्या मते, आता ते झाडापासूनही काढत नाहीत, कारखान्यात बनवतात, तेव्हा त्यात ती शक्ती कुठून राहणार?

वाचकहो, या दोन्ही सल्ल्यांना उत्तर देणारी एक खरी हकिगत आहे. पॅक्लिटॅक्सेल हे त्या औषधाचे नाव. स्तन, अंडाशय आणि फुप्फुसाच्या कर्करोगावर जगभर वापरले जाणारे हे औषध आपल्यापैकी अनेकांनी घरातल्या फाइलमध्ये लिहिलेले पाहिले असेल. झाडाच्या सालीपासून पोलादी टाकीपर्यंतचा त्याचा प्रवास समजून घेतला, तर रुग्णाच्या मनातील भीती थोडी कमी होईल आणि त्याची काळजी घेणाऱ्यांना काय जपायचे तेही कळेल.

लाकूडतोड्यांना नकोसे असलेले झाड

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील दाट अरण्यांत पॅसिफिक यू नावाचा एक सदाहरित वृक्ष वाढतो. उंचीने बेताचा, वाढीला अतिशय मंद, आणि मोठ्या वृक्षांच्या सावलीत कसाबसा तग धरणारा. इमारती लाकडासाठी जंगल तोडणाऱ्यांच्या लेखी त्याला किंमत नव्हती. तोडणीनंतर उरलेल्या पाल्यापाचोळ्याबरोबर तो जाळून टाकला जाई.

१९६२ साली कर्करोगावर उपयोगी वनस्पती शोधण्याच्या एका सरकारी मोहिमेत आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातून या झाडाचे नमुने गोळा केले. ते नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोन रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आले. यांतील डॉ. वाणी हे आपल्या खानदेशातील नंदुरबारचे. त्यांचा जन्म १९२५ साली तेथे झाला. मुंबई विद्यापीठात शिकून ते पुढे अमेरिकेला गेले होते. सालीच्या अर्कात कर्करोगाच्या पेशींना रोखणारे काहीतरी आहे, हे चाचण्यांत दिसले होते. ते नेमके काय, हे शोधण्यासाठी अर्काचे पुन्हा पुन्हा भाग पाडत, प्रत्येक भाग तपासत या दोघांनी अखेर एक शुद्ध पदार्थ वेगळा केला. १९७१ साली त्याची रचना त्यांनी प्रसिद्ध केली. टॅक्सॉल हे त्याचे पहिले नाव. आज आपण त्याला पॅक्लिटॅक्सेल म्हणतो.

हा पदार्थ पेशींवर काय परिणाम करतो, हे १९७९ साली न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवून दिले. पेशीच्या आत अतिसूक्ष्म नलिकांचा एक सांगाडा असतो. बांधकामाला लावलेल्या परातीसारखा तो हवा तेव्हा उभारावा लागतो आणि काम झाले की उतरवावा लागतो. पेशीची विभागणी होताना ही उभारणी आणि उतरवणी फार वेगाने चालते. पॅक्लिटॅक्सेल या नलिकांना असे घट्ट धरून ठेवते की त्या उतरवताच येत नाहीत. विभागणी अर्ध्यावर अडकते आणि पेशी मरते. एवढी गोष्ट लक्षात ठेवा. औषधाचा गुण आणि त्याचा त्रास, दोन्ही यातूनच येतात, आणि शेवटी आपल्याला तिचा उपयोग होणार आहे.

एका मात्रेला एक झाड

१९९२ साली अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी आणि १९९४ साली स्तनाच्या कर्करोगासाठी या औषधाला मान्यता मिळाली. मात्र त्याच्या खूप आधीपासून एक प्रश्न संशोधकांना भेडसावत होता. वाळलेल्या सालीत या पदार्थाचे प्रमाण साधारण ०.०१ टक्का, म्हणजे दहा हजार भागांत एक भाग. शंभर वर्षे वाढलेल्या झाडाची सगळी साल काढली तर ती भरते सुमारे तीन किलो. त्यातून औषध मिळते सुमारे ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ढोबळमानाने एका रुग्णाची एक मात्रा. साल सोलली की झाड मरते. एका रुग्णाला अशा अनेक मात्रा लागतात. रुग्ण वाचवायचा तर जंगल द्यायचे, असा हा हिशेब होता.

यातून तीन वाटा निघाल्या. पहिली वाट संपूर्ण कृत्रिम निर्मितीची. १९९४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी हा रेणू प्रयोगशाळेत अथपासून इतिपर्यंत बांधून दाखवला. ही मोठीच कामगिरी होती, पण पायऱ्या इतक्या की व्यवहारात ती परवडणारी नव्हती. दुसरी वाट पानांची. युरोपातील यूच्या पानांत या औषधाचा जणू अर्धा बांधलेला रेणू मिळतो, हे फ्रान्समधील प्येर पोतिए यांच्या गटाला आढळले. पाने खुडली तरी झाड पुन्हा पालवते. पानांतील तो रेणू काढून पुढचा भाग रसायनशाळेत जोडायचा, ही पद्धत रूढ झाली आणि सालीची गरज उरली नाही. तरीही पाने हवीच होती. आपल्या हिमालयात थुनेर नावाने ओळखला जाणारा यू याच मागणीपायी ओरबाडला गेला. १९९५ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले.

तिसरी वाट होती झाडाची एखादी पेशीच वाढवण्याची. ती आपल्या लेखाचा विषय.

पेशींची शेती

टिश्यू कल्चर हा शब्द आपल्याला नवा नाही. जळगावच्या केळीबागांनी तो घराघरांत नेला. निरोगी झाडाचा बारीकसा तुकडा घेऊन, त्याला काचेच्या बाटलीत योग्य अन्न देऊन, त्यापासून एकसारखी हजारो रोपे तयार करायची, हे तंत्र शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. पेशीसंवर्धन हे त्याचेच भावंड, पण त्याचा हेतू निराळा. येथे रोप नको असते. मूळ, खोड, पान, फूल यांपैकी काहीही नको असते. हवी असते ती फक्त पेशी आणि ती बनवत असलेले औषध.

ही कल्पना जुनी आहे. वनस्पतीची सुटी पेशी पोषक द्रवात जगवता येईल आणि तिच्यात पूर्ण वनस्पती घडवण्याची क्षमता असेल, असे ऑस्ट्रियाचे गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ साली मांडले होते. त्यांच्या पेशी जगल्या, पण विभागल्या नाहीत. विभागणीला चालना देणारी वनस्पति-संप्रेरके तेव्हा ठाऊक नव्हती. ती सापडली आणि हे स्वप्न हळूहळू प्रत्यक्षात आले.

आज हे काम कसे चालते, ते पाहू. झाडाच्या कोवळ्या भागाचा लहानसा तुकडा घेऊन तो निर्जंतुक करतात. साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि संप्रेरके मिसळलेल्या खळीसारख्या थरावर तो ठेवतात. जखमेवर खपली धरावी तसा काही आठवड्यांत त्याच्या कडेने पेशींचा मऊ, बेढब गोळा वाढू लागतो. त्याला कॅलस म्हणतात. या गोळ्यातील पेशी पातळ पोषक द्रवात सोडून फ्लास्क संथपणे हलवत ठेवले की त्या सुट्या होऊन वाढतात. अशा अनेक वंशांमधून भरपूर औषध देणारा वंश निवडायचा. हे बरेचसे उत्तम बियाणे निवडण्यासारखेच आहे. निवडलेल्या वंशाचे नमुने अतिशीत तापमानात जपून ठेवतात, म्हणजे वर्षानुवर्षांनी त्याच पेशींपासून पुन्हा सुरुवात करता येते. त्यानंतर लहान फ्लास्कमधून मोठ्या, तेथून आणखी मोठ्या भांड्यात असे करत शेवटी पेशी पोलादी टाकीत जातात. या टाकीला बायोरिॲक्टर म्हणतात. जर्मनीत यूच्या पेशींसाठी वापरल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या टाकीची क्षमता ७५,००० लिटर आहे.

हे वाचायला सोपे वाटले तरी करायला अवघड आहे. दह्याचे विरजण रात्रीत लागते, कारण जिवाणू फार वेगाने दुप्पट होतात. वनस्पतीच्या पेशींना दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. त्या आकाराने मोठ्या आणि नाजूक असतात. जोराने ढवळले तर फुटतात आणि ढवळलेच नाही तर गुदमरतात. साखरेच्या त्या गोड द्रवात चुकून एक जिवाणू शिरला, तर तो पेशींच्या कितीतरी आधी सगळी टाकी फस्त करतो. म्हणून आठवडेच्या आठवडे निर्जंतुकता पाळावी लागते. इतके करूनही एखादा वंश काही काळाने औषध बनवायचे विसरतो, मग नव्याने निवड करावी लागते.

चमेलीचा इशारा

झाड हे औषध मुळात बनवते कशासाठी? आपल्यासाठी नव्हेच. बुरशी, कीड, चरणारी जनावरे यांच्यापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी. टाकीत सुखाने साखर खाणाऱ्या पेशीला शत्रूच नसतो, त्यामुळे ती वाढते, पण औषध फारसे बनवत नाही. म्हणून तिला थोडे घाबरवावे लागते.

यासाठी वापरतात मिथाइल जॅस्मोनेट. हा पदार्थ प्रथम चमेलीच्या सुगंधी तेलात सापडला, म्हणून त्याचे नाव चमेलीवरून पडले. कीड लागली किंवा जखम झाली की वनस्पती याच जातीच्या संयुगांद्वारे आपल्या इतर भागांना सावध करतात. या पदार्थाची किंचित मात्रा टाकीत मिसळली की यूच्या पेशींना वाटते, आपल्यावर हल्ला झाला. त्या बचावासाठी पॅक्लिटॅक्सेल बनवू लागतात. १९९६ साली जपानी संशोधकांनी हा परिणाम दाखवून दिला. पेशींची पुरेशी वाढ झाल्यावर हा इशारा द्यायचा, त्यांनी बनवलेले औषध द्रवातून आणि पेशींतून काढायचे, शुद्ध करून त्याचे स्फटिक बनवायचे, ही आता प्रस्थापित पद्धत आहे.

या पद्धतीने औषध बनवल्याबद्दल ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीला २००४ साली अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पानांपासून औषध बनवण्याच्या पद्धतीशी तुलना करता १० द्रावके आणि सुकवण्याच्या ६ पायऱ्या वगळता आल्या. पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३२ टन घातक रसायनांचा वापर टळेल, असा अंदाज तेव्हा वर्तवण्यात आला होता. साल नको आणि पानेही नकोत. शिवाय ऋतू कोणताही असो, उत्पादन सुरू राहते.

आता सुरुवातीच्या शंकेकडे वळू. टाकीतल्या औषधात ती शक्ती असते का? पॅक्लिटॅक्सेलच्या एका रेणूत ११३ अणू असतात. कार्बनचे ४७, हायड्रोजनचे ५१, ऑक्सिजनचे १४ आणि नायट्रोजनचा एक. सालीतून काढा, पानांपासून जोडा किंवा टाकीतल्या पेशींकडून मिळवा, हे ११३ अणू त्याच क्रमाने, त्याच मांडणीत असतात. शरीराला त्यांचे मूळ गाव कळत नाही. टाकीतल्या पेशीही यूच्याच आहेत. त्यांना फक्त खोड आणि पाने नाहीत. त्यामुळे ‘नैसर्गिक की रासायनिक’ हा प्रश्नच येथे गळून पडतो. आपण विचारायचे ते इतकेच: हे औषध शुद्ध आहे का, मोजलेल्या मात्रेत आहे का आणि मान्यताप्राप्त उत्पादकाचे आहे का?

पहिल्या सल्ल्याचे, म्हणजे सालीच्या काढ्याचे उत्तर तर याहून स्पष्ट आहे. यूच्या पानांत, बियांत आणि सालीत टॅक्सीन नावाची विषारी द्रव्येही असतात. ती हृदयाचे ठोके बिघडवतात आणि जिवावर बेततात. शिवाय पॅक्लिटॅक्सेल पोटातून नीट शोषले जात नाही, म्हणूनच ते शिरेतून द्यावे लागते. काढ्यातून औषध जवळजवळ मिळणार नाही, विष मात्र मिळेल. वॉल आणि वाणी यांनी सालीतल्या असंख्य द्रव्यांतून तो एक पदार्थ वेचून काढला, त्याचे मोल येथे कळते.

सदाफुलीचा नकार

प्रत्येक वनस्पतीची पेशी यूइतकी आज्ञाधारक नसते. आपल्या अंगणातली सदाफुली याचे उत्तम उदाहरण. तिच्या पानांपासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगांवरील मोलाची औषधे मिळतात. तीही इतक्या अल्प प्रमाणात की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. साहजिकच तिच्या पेशी टाकीत वाढवण्याचे खूप प्रयत्न झाले. पेशी वाढल्या, पण त्यांनी औषध देण्यास नकार दिला.

कारण असे की व्हिनब्लास्टीनचा रेणू दोन भागांचा बनलेला असतो. त्यांपैकी व्हिंडोलीन हा भाग बनवण्यासाठी पानातल्या निरनिराळ्या प्रकारच्या पेशींनी मिळून काम करावे लागते आणि त्याला प्रकाशही लागतो. एक पेशी काही पायऱ्या करून पुढचे काम शेजारणीकडे सोपवते. टाकीतल्या बेढब गोळ्यात ही कामाची वाटणीच नसते. म्हणून सदाफुलीची औषधे आजही शेतात वाढवलेल्या पानांपासूनच येतात. २०२२ साली संशोधकांनी सदाफुलीची जनुके घातलेल्या यीस्टकडून रेणूचे दोन्ही भाग बनवून घेतले आणि ते जोडून व्हिनब्लास्टीन मिळवले. कदाचित उद्याची वाट ती असेल.

सदाफुलीविषयी येथे थांबून आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण मधुमेहासाठी सकाळी तिची पाने किंवा फुले चावून खाणारे ज्येष्ठ आपल्याकडे कमी नाहीत. १९५०च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बियर यांनी तिच्यावर काम सुरू केले ते याच समजुतीमुळे. जमैकात तिच्या पानांचा चहा मधुमेहावर घेत असत. त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले, तेव्हा अर्क पाजून रक्तातील साखर काही उतरली नाही. अर्क टोचल्यावर मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. पांढऱ्या पेशी घटवणारी वनस्पती रक्ताच्या कर्करोगावर उपयोगी पडेल, हे त्यांनी ओळखले आणि त्यातून औषध जन्मले. ज्या पानांतील द्रव्य डॉक्टर रक्त तपासून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात, ते पान रोज अंदाजाने खाण्यात शहाणपण नाही. आपल्या घरी कोणी तसे करत असेल, तर रागावू नका, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे जरूर सांगा.

सह्याद्रीतील नरक्या

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. वॉल आणि वाणी यांनी पॅक्लिटॅक्सेलच्याही आधी, १९६६ साली, एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे आणखी एक कर्करोगविरोधी द्रव्य शोधले होते. त्यापासून पुढे टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे बनली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या उपचारात इरिनोटेकानचे नाव आपण ऐकले असेल. हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या लहानशा वृक्षात चांगल्या प्रमाणात असल्याचे १९७२ साली भारतीय संशोधकांनी दाखवले. काही भागांत त्याला अमृता असेही म्हणतात. एकाच झाडाला नरक आणि अमृत अशी दोन्ही नावे मिळावीत, हे त्याच्या उग्र वासाला आणि औषधी गुणाला धरूनच झाले.

हा शोध नरक्याच्या मुळावर आला. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गाच्या जंगलांतून त्याची चोरटी तोड होऊन पोतीच्या पोती लाकूड बाहेर गेले. नरक्याच्या पेशीही प्रयोगशाळांत वाढवल्या गेल्या आहेत, पण त्या देत असलेले द्रव्य फारच थोडे आहे. मोठ्या टाक्यांपर्यंत ते काम पोहोचलेले नाही. यूला जे संरक्षण लाभले, ते आपल्या नरक्याला अजून लाभायचे आहे. तोवर रोपवाटिकांतून त्याची लागवड आणि जंगलातील झाडांचे रक्षण हाच मार्ग. पेशीसंवर्धनाने सगळे प्रश्न सुटले, असा समज म्हणूनच करून घेऊ नये. जेथे ते साधले, तेथे झाडही वाचले आणि रुग्णालाही औषध मिळाले. जेथे ते साधलेले नाही, तेथे झाडे आजही तोडली जात आहेत.

‘मूळपेशी’च्या जाहिराती

अलीकडे ‘वनस्पतींच्या मूळपेशी’ असलेली मलमे, गोळ्या आणि पेये यांच्या जाहिराती दिसतात. सुरकुत्या जातील, गुडघे नवे होतील, तारुण्य परत येईल, अशी आश्वासने त्यांत असतात. त्यांतील काही उत्पादनांत पेशीसंवर्धनातून मिळवलेला अर्क खरोखर असतो. पण तो अर्क असतो. जिवंत पेशी त्यात नसतात. असत्या तरी वनस्पतीची पेशी माणसाच्या त्वचेत किंवा सांध्यात रुजून तेथील झीज भरून काढू शकत नाही. पेन्शनचे पैसे अशा डब्यांवर घालवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारा.

घरच्या माणसांनी काय जपावे?

पॅक्लिटॅक्सेल पेशीतील नलिकांचा सांगाडा गोठवते, हे आपण पाहिले. कर्करोगाच्या पेशींबरोबर इतर पेशींनाही त्याची झळ बसते. म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष असावे.

• ताप: अस्थिमज्जेतील पेशी वेगाने विभागतात, त्यामुळे उपचारानंतर पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा संसर्गही गंभीर होऊ शकतो. घरात तापमापक ठेवा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधा. घरातली गोळी देऊन ताप दडवू नका.

• हातापायांना मुंग्या, बधिरपणा: मज्जातंतूंच्या लांब धाग्यांत पोषणाची ने-आण याच नलिकांवरून होते. म्हणून मुंग्या बहुधा बोटांच्या टोकांपासून सुरू होतात. त्या सुरू झाल्याचे डॉक्टरांना लगेच सांगा, कारण मात्रा बदलता येते. ज्येष्ठांच्या बाबतीत खरा धोका पडण्याचा असतो. न्हाणीघरात न घसरणारी चटई आणि रात्री मंद दिवा ठेवा. घरातही पायांत मागून पट्टा असलेली चप्पल असावी. आंघोळीच्या पाण्याचा ताव घरच्या दुसऱ्या कोणीतरी पाहावा. बधिर पायांना शेकायची पिशवी लावू नये.

• सलाइन चालू असतानाचा त्रास: हे औषध पाण्यात विरघळत नाही. नेहमीच्या प्रकारात ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असते. या द्रावकाने काहींना ॲलर्जी येते, म्हणून आधी स्टिरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषधे देतात. छातीत दडपण, धाप, अंगावर चट्टे, चेहरा लाल होणे यांपैकी काही जाणवले, तर संकोच न करता लगेच परिचारिकेला हाक मारा. त्या दिवशी रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये.

• मधुमेह असल्यास: आधी दिलेल्या स्टिरॉइडमुळे दोन-तीन दिवस रक्तातील साखर वाढू शकते. ती घरी किती वेळा तपासायची आणि औषधात काही बदल करायचा का, हे उपचारापूर्वीच विचारून ठेवा.

• अंगदुखी आणि केस गळणे: दोन-तीन दिवसांनी स्नायू आणि सांधे दुखू लागतात, पण हे दुखणे बहुधा काही दिवसांत ओसरते. केस गळतात, उपचार संपल्यावर ते पुन्हा येतात. रुग्णाला ही कल्पना आधीच दिलेली असली की धक्का कमी बसतो.

• काढे, चूर्णे, गोळ्या: यकृतातील ज्या विकरांमार्फत या औषधाचा निचरा होतो, त्यांच्यावर अनेक वनौषधींचाही परिणाम होतो. त्यामुळे औषध शरीरात अधिक साठू शकते किंवा लवकर निघून जाऊ शकते. स्वयंपाकातली चिमूटभर हळद चालते, पण हळदीच्या सत्त्वाच्या गोळ्या, अश्वगंधा, गुळवेल किंवा कोणतेही ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे’ चूर्ण डॉक्टरांना न विचारता देऊ नका. रुग्ण जे जे घेतो त्या सर्वांची एक यादी करा. नात्यातल्या कोणी प्रेमाने आणून दिलेली पुडीही त्या यादीत असू द्या.

आजीबाईच्या बटव्याचा यात अनादर नाही. खोकल्याला आडुळसा, पोटाला ओवा, घशाला ज्येष्ठमध ही परंपरा आपल्या घरांत चालत आली आहे आणि तिचे स्थान कायम आहे. परंतु जेथे गुण आणि विष यांच्यातील अंतर मिलिग्रॅमचे असते, तेथे पान, साल किंवा मूळ जसेच्या तसे घेऊन भागत नाही. तेथे नेमका रेणू हवा, नेमकी मात्रा हवी आणि मात्रेवर लक्ष ठेवणारा डॉक्टर हवा.

आपल्या घरातील कोणाला पुढच्या वेळी सलाइनच्या खोलीत बसवाल आणि ते विचारतील की या बाटलीत काय आहे, तेव्हा त्यांना सांगा: एका झाडाच्या पेशीने बनवायला शिकलेले, नंदुरबारच्या एका माणसाने सहकाऱ्यासोबत ओळखलेले, आणि आता झाड न तोडताही मिळू शकणारे हे औषध आहे. मग त्यांच्या हाताला मुंग्या आहेत का ते विचारा, आणि उत्तर वहीत टिपून ठेवा.